दोन केल्विनचा वीजहिशेब: कणत्वरकांच्या हेलियम शीतकरणात वीज कशी वाचवावी

कणत्वरकाच्या, म्हणजे अणूंचे कण प्रचंड वेगाने पळवणाऱ्या यंत्राच्या, कंट्रोल रूममध्ये पडद्यावर ‘२ केल्विन भार: २०० वॉट’ असा आकडा दिसतो आणि नवख्या माणसाला तो किरकोळ वाटतो. २ केल्विन म्हणजे उणे २७१ अंश सेल्सियस, आणि तिथून बाहेर काढायच्या उष्णतेचा हा आकडा. घरातले तीन पंखे साधारण तेवढीच वीज घेतात. पण ते २०० वॉट बाहेर काढायला कॉम्प्रेसर हॉलमध्ये सुमारे १६० किलोवॉट वीज लागत असते, तीही दिवसरात्र, महिनोन्‌महिने. थंड टोकाला वाचवलेला प्रत्येक वॉट मीटरवर शेकडो वॉटांनी परत मिळतो. म्हणून बचतीचं काम थंड टोकाकडून सुरू करावं आणि कॉम्प्रेसरपाशी संपवावं. प्रत्यक्षात बरेचदा उलट होतं. बिल कॉम्प्रेसरचं दिसतं, म्हणून पहिली धाव तिकडेच जाते.

हा लेख प्लांट चालवणाऱ्या ऑपरेटरांसाठी आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी आहे. मुंबईत टीआयएफआरमधला पेलेट्रॉन-लिनॅक, दिल्लीत आययूएसीचा लिनॅक, कोलकात्यात व्हीईसीसीचा अतिवाहक (अतिथंडीत विजेला रोध न करणाऱ्या तारांचा) सायक्लोट्रॉन, या संशोधनसंस्थांतले हे सगळे कणत्वरक द्रव हेलियमवरच चालतात. उदाहरणं मात्र बरीचशी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कणत्वरकाची घेतली आहेत, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर हेलियम दुसरीकडे कुठे खेळवलं जात नाही आणि तिथला हिशेब उघडपणे मांडलेला आहे.

थंडावा एवढा महाग का

खोल विहिरीतून पाणी काढायला उथळ विहिरीपेक्षा जास्त कष्ट पडतात. उष्णतेचंही तसंच आहे. ती जितक्या खालच्या तापमानावरून उपसायची, तितकी वीज जास्त. कार्नोचा नियम ही किमान वीज सांगतो: बाहेरचं तापमान वजा थंड तापमान, भागिले थंड तापमान. बाहेर ३०० केल्विन धरले तर ६० केल्विनवरचा एक वॉट काढायला ४ वॉट पुरतात, ४.५ केल्विनला ६६ लागतात, २ केल्विनला १४९ आणि १.८ केल्विनला १६६.

हे झालं आदर्श यंत्राचं. खरं यंत्र त्याच्या जवळपासही पोचत नाही. एलएचसीचे ४.५ केल्विनचे शीतसंच जगातल्या सर्वोत्तम संचांत मोडतात, तरी त्यांना एका वॉटमागे २३० वॉटच्या आसपास वीज लागते. म्हणजे कार्नोच्या आदर्शाच्या जेमतेम २८-२९ टक्के. १.८ केल्विनला तिथे हाच आकडा ९०० च्या घरात जातो. छोटे संच याहून बरेच मागे असतात, कारण गळती, घर्षण आणि भिंतींतून शिरणारी उष्णता यंत्र लहान झालं म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही.

एलएचसीत २७ किलोमीटरच्या बोगद्यात १२३२ मुख्य द्विध्रुवी चुंबक १.९ केल्विनला ठेवलेले आहेत. त्यासाठी १८ किलोवॉटचे आठ शीतसंच, त्यांना जोडलेली १.८ केल्विनची आठ युनिटं आणि साधारण १३० टन हेलियम लागतं. शीतकरणाची बसवलेली वीजक्षमता ४० मेगावॉटच्या आसपास आहे.

पहिलं काम: तीन रकान्यांची वही

कुठलाही व्हॉल्व्ह हलवण्याआधी एक तक्ता करा. तापमानाची प्रत्येक पातळी, तिथला उष्णताभार, आणि त्या पातळीचा वीजगुणक, म्हणजे तिथला एक वॉट काढायला मीटरवर किती वॉट लागतात ते. शेवटच्या दोघांचा गुणाकार म्हणजे मीटरवरची वीज.

समजा, एका मध्यम आकाराच्या त्वरकात शील्डवर (आतल्या थंड भागाभोवतीचं मधल्या तापमानाचं कवच, ६० केल्विन) १५ किलोवॉट, ४.५ केल्विनला १ किलोवॉट आणि २ केल्विनला २ किलोवॉट भार आहे. गुणक अनुक्रमे १५, २५० आणि ८०० धरू. शील्डची वीज २२५ किलोवॉट, ४.५ केल्विनची २५० किलोवॉट आणि २ केल्विनची १६०० किलोवॉट. एकूण १८ किलोवॉट उष्णतेतली फक्त २ किलोवॉट सगळ्यात खाली आहे, पण तीन चतुर्थांशाहून जास्त वीज तीच खाते. शील्डवरचे १५ किलोवॉट बघून घाबरायचं कारण नाही. गुणक आपल्या प्लांटचे काढा, माझे वापरू नका. एकूण वीज आणि प्रत्येक पातळीची क्षमता चाचणी अहवालात असते.

दुसरं काम: भार मोजा, डिझाइनच्या कागदावर विसंबू नका

डिझाइनमधला भार आणि खरा भार यांत अंतर पडतंच. मोजण्याची सोपी पद्धत अशी: बीम (कणांचा झोत) बंद, आरएफ (कणांना वेग देणाऱ्या रेडिओलहरी) बंद, चुंबकांत प्रवाह नाही. क्रायोस्टॅटचा (थंड भाग ठेवलेल्या निर्वात-भिंतींच्या पात्राचा) द्रवपुरवठा थोडा वेळ थांबवा आणि पातळी किती वेगाने उतरते ते पाहा. ४.२ केल्विनला एक ग्रॅम हेलियमची वाफ व्हायला सुमारे २०.७ जूल लागतात आणि एका लिटरचं वजन १२५ ग्रॅम भरतं. म्हणून एक वॉट उष्णता तासाला साधारण १.४ लिटर द्रव उडवते. तासाला १४ लिटर गेलं, तर स्थिर भार १० वॉट. शक्य असेल तिथे परतणाऱ्या वायूचा फ्लोमीटरही वाचा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आधी कारण शोधा, मग पुढे जा. मग आरएफ किंवा प्रवाह चालू करून तेच पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक हा गतिक भार.

मोजणी दर काही महिन्यांनी करून वहीत नोंदवा. एखाद्या क्रायोस्टॅटचा स्थिर भार हळूहळू चढत असेल तर तिथलं निर्वात बिघडलंय, ही खबर या नोंदीतून सर्वांत आधी मिळते.

तिसरं काम: उष्णता वरच अडवा

खरी कमाई इथे आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

खोलीच्या तापमानाची काळी भिंत प्रत्येक चौरस मीटरमागे ४६० वॉटच्या आसपास उत्सर्जन करते. उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतं, म्हणून ७५ केल्विनची तशीच भिंत याच्या २५६ पटींनी कमी उष्णता फेकते. शील्डचं सगळं महत्त्व यातच आहे. बाहेरून येणारं उत्सर्जन शील्ड झेलते, तिथे ते काढायला एका वॉटमागे १०-१५ वॉट पुरतात, आणि आत जेमतेम चिमूटभर पोचतं. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेल्या पातळ प्लास्टिक-पापुद्र्यांचं बहुस्तरीय वेष्टण असतं. ३० थर नीट बसवले तर ३०० केल्विनहून शील्डकडे जाणारी उष्णता चौरस मीटरला दीड वॉटच्या आत ठेवता येते.

‘नीट’ हा शब्द इथे कळीचा. वेष्टण घट्ट आवळलं की थर एकमेकांना टेकतात आणि उष्णता चालत पुढे जाते. जोडाशी फट राहिली तर ३०० केल्विनची भिंत थेट थंड भाग ‘पाहते’. पाइपांच्या वाकणांवर, आधारांच्या भोवती, फ्लँजपाशी ही चूक वारंवार होते. क्रायोस्टॅट उघडलाच असेल तर याच जागा आधी तपासा.

दुसरी वाट आधारांची. चुंबक टनावारी वजनाचा असतो आणि तो कशावर तरी टेकणारच. एलएचसीत त्यासाठी काचतंतूंच्या संमिश्राचे खांब आहेत, आणि वरून येणारी उष्णता खाली १.९ केल्विनला पोचण्याआधी प्रत्येक खांबावर दोन ठिकाणी अडवली जाते: एकदा शील्डच्या तापमानाला, एकदा ५ केल्विनच्या आसपास. तुमच्याकडे एखादा सेन्सरचा वायरगुच्छ, व्हॉल्व्हचा दांडा किंवा आरएफ कपलर ३०० केल्विनवरून थेट २ केल्विनला उतरत असेल, तर त्याला मधे शील्डशी तांब्याची पट्टी बांधा. पट्टी क्षुल्लक किमतीची असते. ती नसली तर वर्षभरात तिच्या कित्येक पट रकमेची वीज जाते.

तिसरी वाट विद्युतप्रवाहाच्या तारांची, म्हणजे लीडांची. वाफेने थंड होणारा उत्तम तांब्याचा लीडसुद्धा दर हजार अँपिअरला सुमारे एक वॉट उष्णता द्रवात आणतो. एलएचसीत सगळ्या लीडांमधून मिळून सुमारे ३० लाख अँपिअर प्रवाह जातो. साध्या लीडांनी ४.५ केल्विनला ३ किलोवॉट भार आला असता, मीटरवर जवळजवळ ७०० किलोवॉट. तिथे लीडच्या खालच्या भागात बिस्मथयुक्त उच्च-तापमान अतिवाहक बसवले आणि द्रवात उतरणारी उष्णता दहाव्या भागावर आली.

याच विचाराचं मला सर्वांत आवडणारं रूप म्हणजे एलएचसीची बीम स्क्रीन. बीममधून निघणारी सिंक्रोट्रॉन उत्सर्जनाची (वळणाऱ्या कणांतून सुटणारा प्रकाश) आणि इलेक्ट्रॉन मेघाची (नळीच्या भिंतीतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा घोळका) उष्णता थेट १.९ केल्विनच्या नळीवर पडली असती तर वीजखर्च झेपलाच नसता. म्हणून नळीच्या आत आणखी एक नळी बसवली आणि तिला ५ ते २० केल्विनच्या हेलियमने थंड ठेवलं. उष्णता तेवढीच, पण ती उपसायची खोली कमी केली.

वाफेतला थंडावा वाया घालवू नका

द्रव हेलियमची वाफ होताना ग्रॅमला २० जूल मिळतात. तीच वाफ ४ केल्विनवरून खोलीच्या तापमानापर्यंत येताना सुमारे १५०० जूल शोषू शकते. पंचाहत्तर पट! ही वाफ गरम करून रिकव्हरीच्या फुग्यात सोडणं म्हणजे उसाचा दोन घोट रस घेऊन बाकीचा ऊस फेकणं. वाफ थंडच कोल्ड बॉक्सकडे (हीट एक्स्चेंजर आणि वायू फुगवून थंड करणारे टर्बाइन असलेल्या पेटीकडे) परत न्या. ते शक्य नसेल तर तिच्याकडून शील्ड, क्रायोस्टॅटची मान आणि लीड थंड करून घ्या. छोट्या प्रयोगशाळांत वीज आणि हेलियम दोन्ही सर्वांत जास्त इथेच गळतात.

आरएफ कॅव्हिटी असेल तर

नायोबियमच्या अतिवाहक कॅव्हिटीत (कणांना वेग देणाऱ्या पोकळीत) सतत आरएफ चालू असेल, तर गतिक भार स्थिर भाराला मागे टाकतो. तो कॅव्हिटीच्या गुणवत्तांकाच्या (साठवलेली ऊर्जा किती कमी वाया जाते याचा आकडा) व्यस्त प्रमाणात असतो: गुणवत्ता दुप्पट, तर उष्णता निम्मी. स्टॅनफर्डच्या एलसीएलएस-२ या क्ष-किरण लेसरच्या त्वरकासाठी २ केल्विनला २.७ × १०¹⁰ ही गुणवत्ता ठरवली होती, १६ मेगाव्होल्ट प्रतिमीटरला. या हिशेबाने एका कॅव्हिटीचा भार १० वॉट येतो. जुन्या पद्धतीची १ × १०¹⁰ ची कॅव्हिटी असती तर २७ वॉट आला असता. हा फरक फर्मीलॅबमध्ये अ‍ॅना ग्रासेलिनो आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या नायट्रोजन-प्रक्रियेने पडला. पृष्ठभागात अगदी थोडा नायट्रोजन मुरवायचा, बस.

तुमच्या हातात नवी कॅव्हिटी नसेल तरी एक गोष्ट करता येते. नायोबियम ९.२ केल्विनखाली उतरताना आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र धातूत अडकून बसतं आणि गुणवत्ता घसरते. कॅव्हिटी त्या उंबरठ्यावरून वेगाने, दोन टोकांत तापमानाचा मोठा फरक ठेवून उतरवली, तर क्षेत्र बाहेर ढकललं जातं. म्हणजे थंड करण्याच्या त्या काही मिनिटांतली शिस्त पुढच्या कित्येक महिन्यांचं बिल ठरवते. चुंबकीय कवच आणि जवळचे स्क्रू-नट चुंबकलेले नाहीत ना, हेही आधीच पाहून घ्या.

हीटरकडे लक्ष द्या

द्रवात बुडवलेला विद्युत हीटर भार स्थिर ठेवण्यासाठी असतो. आरएफ बंद पडली की हीटर तेवढी उष्णता देतो आणि कोल्ड कॉम्प्रेसर डगमगत नाहीत. गरज खरी आहे. पण ‘असू दे थोडी जास्त’ म्हणून ठेवलेले ५० वॉट २ केल्विनला ४० किलोवॉट खातात. वर्षात ८००० तास प्लांट चालला तर ३ लाख २० हजार युनिट. हीटरचा सेटपॉइंट दर पाळीला वाचा, आणि बीमच्या वेळापत्रकाप्रमाणे खाली आणा. या कामाला एक पैसाही लागत नाही.

२ केल्विनचं सर्किट

हेलियम २.१७ केल्विनखाली अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणारं) होतं. १.८ केल्विनला त्याचा बाष्पदाब १६ मिलीबार, २ केल्विनला ३१. एवढा विरळ वायू खोलीच्या तापमानाच्या पंपांनी ओढायचा तर पंप अवाढव्य लागतात, म्हणून मोठ्या प्लांटमध्ये थंडीतच फिरणारे कोल्ड कॉम्प्रेसर असतात.

४.५ केल्विनचं द्रव थेट व्हॉल्व्हमधून सोडलं तर उतरताना चाळीसएक टक्के वाफ होऊन जातं आणि त्याचा उपयोग शून्य. व्हॉल्व्हच्या आधी एक हीट एक्स्चेंजर ठेवून, परतणाऱ्या थंड वाफेने द्रवाला २.२ केल्विनपर्यंत आणलं, तर हा तोटा दहाएक टक्क्यांवर येतो. तुमच्या प्लांटमध्ये हा एक्स्चेंजर असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी तापमान खरंच २.२ च्या आसपास आहे का ते बघा. तीन केल्विन दिसत असेल तर एक्स्चेंजर काम करत नाही.

आणि हेही विचारा: १.८ च लागतं का, की २.० चालेल? एलएचसीसारख्या चुंबकांना १.९ लागतंच. कॅव्हिटींत मात्र दोन बाजू असतात. तापमान चढलं की पंपिंग स्वस्त होतं, पण नायोबियमचा रोध वाढून भारही वाढतो. दशांश-दशांश केल्विनने चढवत प्रत्येक ठिकाणी एकूण वीज मोजा आणि किमान बिंदू शोधा.

कमी भारात दाब तरंगू द्या

प्लांट मोठ्यात मोठ्या भारासाठी बांधलेला असतो आणि बहुतेक वेळ त्याहून कमी भारावर चालतो. पारंपरिक पद्धतीत दाब ठरलेलेच ठेवतात. भार कमी झाला की जादा वायू बायपास व्हॉल्व्हमधून फिरवतात किंवा हीटर लावतात. कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने धावत राहतो.

अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये वेंकटराव गन्नी यांनी याला दिलेलं उत्तर आज गन्नी सायकल म्हणून ओळखलं जातं. भार घटला की सर्किटमधला थोडा वायू टाकीत काढून घ्यायचा. दाब आपोआप खाली येतो. टर्बाइनमधून जाणाऱ्या वायूचं घनफळ जवळपास तेवढंच राहतं आणि दाबांचं गुणोत्तरही फारसं हलत नाही, म्हणून टर्बाइन आणि कॉम्प्रेसर आपापल्या चांगल्या बिंदूवरच चालत राहतात. फक्त फिरणाऱ्या हेलियमचं वजन कमी होतं, आणि त्या प्रमाणात वीजही. अमेरिकेतल्याच ब्रुकहेवनच्या आरएचआयसी या त्वरकात या आणि इतर सुधारणांनी वीज सुमारे ९ मेगावॉटवरून ५ च्या आसपास आली.

हे करताना घाई नको. आधी पुरेशी वायुटाकी आहे का पाहा. मग उच्च दाबाचा सेटपॉइंट अर्ध्या-अर्ध्या बारने उतरवा आणि प्रत्येक पायरीला टर्बाइनचा वेग, बेअरिंगचा दाब, द्रवाची पातळी आणि शील्डचं तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. पातळी घसरू लागली की एक पायरी मागे या. तोच तुमचा बिंदू. प्रत्येक भारासाठी असे बिंदू लिहून ठेवले की पाळीवरच्या माणसाला अंदाज बांधावा लागत नाही. एकाच जागी दोन शीतसंच असतील आणि दोघंही अर्ध्या भारावर असतील, तर एक बंद करून सगळा भार दुसऱ्यावर टाकता येतो का हेही बघा. कमी भाराच्या काळात एलएचसीत शेजारच्या दोन सेक्टरांसाठी असं केलं गेलं आहे.

आता कॉम्प्रेसर

तेलाने भिजणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरची समतापी कार्यक्षमता (वायू गरम न होऊ देता दाबणाऱ्या आदर्श यंत्राच्या तुलनेत) ५० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे प्लांटमधला सर्वांत मोठा एकगठ्ठा तोटा इथे होतो, पण तुमच्या हातात त्यातला थोडाच असतो. स्लाइड व्हॉल्व्ह (कॉम्प्रेसरची क्षमता कमी-जास्त करणारा) अर्धवट उघडा ठेवून कायम चालवू नका. त्या अवस्थेत कार्यक्षमता पडते. एक मशीन पूर्ण बंद करणं किंवा मोटरला फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह लावणं बरं. सक्शनच्या बाजूचे फिल्टर आणि पाइप यांतला दाबक्षय तपासा. तिथला दाब १.०५ बारच्या आसपास असल्यामुळे ५० मिलीबारचा तोटाही जाणवतो. कूलरमधला क्षार साफ करा. मुंबईच्या दमट मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी फारसं थंड होत नाही, तेव्हा क्षाराचा थर आणखीच महागात पडतो.

कोल्ड बॉक्सच्या गरम तोंडाशी आत जाणारा आणि बाहेर येणारा वायू यांच्या तापमानातला फरक रोज टिपा. हेलियम ग्रॅमला प्रत्येक अंशामागे ५.२ जूल वाहून नेतं. ५ अंशांचा फरक म्हणजे ग्रॅममागे २६ जूल थंडावा बाहेर, आणि तो टर्बाइननी भरून काढायचा. फरक आठवड्या-आठवड्याने वाढत असेल तर एक्स्चेंजरमध्ये हवा, पाणी किंवा तेल गोठून बसलंय. शुद्धीकरणाचा कोळसा आणि तेलाचे फिल्टर पाहा, आणि पुढच्या बंदच्या वेळी एक्स्चेंजर गरम करून कोरडा करा.

हेलियम स्वतः

विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. हेलियमचा शोध लॉकियर यांनी याच किल्ल्यावरून लावला, असं सांगितलं जातं; प्रत्यक्षात तसं नव्हतं. १८६८ सालच्या त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणात गुंटूरला जानसेन यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. नॉर्मन लॉकियर यांनी वर्णपटातली ती पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची खूण ठरली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून नोंदवली. ते विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्याने उणा होत नाही.

सूर्यावर विपुल असलेला हा वायू पृथ्वीवर युरेनियम-थोरियमच्या क्षयातून खडकांत अतिसंथपणे तयार होतो आणि नैसर्गिक वायूच्या विहिरींतून मिळतो. एकदा हवेत सुटला की अवकाशात निघून जातो. १९ सप्टेंबर २००८ ला एलएचसीतल्या विद्युतजोडाच्या बिघाडात ६ टनांच्या आसपास हेलियम गेलं. रोजच्या गळतीचा गाजावाजा होत नाही, पण वर्षाच्या बेरजेत ती दिसते. सेफ्टी व्हॉल्व्ह, लवचीक नळ्या आणि जुने ओ-रिंग महिन्यातून एकदा लीक डिटेक्टरने फिरून तपासा. गेलेल्या प्रत्येक लिटरमागे नवीन वायू थेट ३०० केल्विनवरून द्रव करावा लागतो, आणि त्याला नुसत्या शीतकरणापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते.

नवा संच घेत असाल तर

निविदेत फक्त किंमत मागू नका. एलएचसीचे शीतसंच निवडताना सर्नने खरेदीच्या रकमेसोबत दहा वर्षांच्या विजेचा खर्चही तुलनेत धरला होता. त्यामुळे पुरवठादारांनी कार्यक्षमतेवर आपणहून मेहनत घेतली. त्यात आणखी एक अट घाला: हमी पूर्ण भाराचीच नको, ७०, ५० आणि ३० टक्के भारालाही लागणारी वीज लिहून मागा, आणि ती स्वीकृतिचाचणीत मोजून घ्या.

कॉम्प्रेसरचं तेल ८० अंश सेल्सियसच्या आसपास गरम होऊन बाहेर येतं. स्वीडनमध्ये लुंडच्या युरोपियन स्पॅलेशन सोर्समध्ये हीच उष्णता शहराच्या गरम पाण्याच्या जाळ्यात देण्याची सोय सुरुवातीपासून आखली होती. आपल्याकडे घरं गरम करायची नसतात, पण वसतिगृहाला आणि कँटीनला गरम पाणी बारा महिने लागतं. तेलाच्या कूलरवर पाण्याच्या दुसऱ्या एक्स्चेंजरसाठी फ्लँज आताच ठेवून घ्या. नंतर पाइप कापून जोडायचा म्हटला तर सगळं तेल रिकामं करावं लागतं.